टँकरवाल्याचा घोळणा

मन्मथ गुरुजींकडे औषधाची पेटी होती, पण आपण वैद्य आहोत असं त्यांना एक दिवसही वाटलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर हाताला लागतील ती पुस्तकं वाचत सुटले, त्यांत एक होमिओपॅथीचं निघालं. ते इतकं आवडलं की लातूरहून बाटल्या मागवल्या. साबुदाण्याहून बारीक पांढऱ्या गोळ्या, त्यांच्यावर औषधाचे दोन थेंब, मग कागदाची पुडी. पैसे घेत नसत. लोक यायचे आणि गुरुजी पुस्तक मांडीवर ठेवून विचारायचे, आंबट आवडतं का गोड? कोणत्या कुशीवर झोप लागते? आभाळ गडगडलं की भीती वाटते का? स्वप्नात काय येतं?

जांभळसांगवीच्या लोकांना या प्रश्नांची मोठी गंमत वाटायची. "गुरुजी, आभाळ गडगडल्याला दोन वर्सं झाली, भीती कशाची वाटावी?" असं धुरपताबाई एकदा म्हणाली तेव्हा ओटा हसून लोळला होता. खोटं काय होतं त्यात? लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं, तरी गावात त्याला अजून 'नवा जिल्हा'च म्हणत. आणि त्या नव्या जिल्ह्यातलं ते सलग दुसरं कोरडं साल. होळीच्या आधीच विहिरीचा तळ दिसला. तेव्हापासून दिवसाला दोन खेपा टँकर यायचा, नळी विहिरीत सोडायचा, आणि मग बाया तेच पाणी शेंदून घरी न्यायच्या.

तो टँकर चालवायचा चाकूरचा चांदपाशा. पंचेचाळिशीचा, अंगानं भरलेला, बोलायला मोकळा. एका दुपारी टँकर विहिरीवर लावून तो मागच्या बोळातून गुरुजींकडं आला. हातातल्या रुमालावर तपकिरी डाग होते.

"गुरुजी, घोळणा फुटून राहिला. ह्या महिन्यात तीन बार."

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"त्येच तर दाखवायचं न्हाई." चांदपाशानं मागं वळून बघितलं. "धा साल रोजंदारीवर गाडी मारून राहिलो. आता नव्या जिल्ह्यात डायवर कायम करायलेत. एकवीस एप्रिलला लातूरला डाक्टरी तपासनी हाय. नाकातून रगत येतंय हे कुठं कागदावर आलं, की गेला माझा नंबर. मागं बत्तीस जनं हुबे हाईत. तुमची गोळी कागदावर येत न्हाई, म्हनून तुमच्याकडं आलो."

गुरुजींनी 'नाही' म्हणायला हवं होतं. ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पण समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे आवाज लागतो, आणि तो गुरुजींना वर्गाबाहेर कधी लागला नव्हता. त्यांनी पुस्तक उघडलं. नाकातून लालभडक रक्त, उन्हानं वाढणारं, याखाली तीन-चार औषधं होती. चाळीस प्रश्न विचारले. चांदपाशानं सगळ्यांची उत्तरं मनापासून दिली, अगदी स्वप्नांचीसुद्धा. शेवटी गुरुजींनी 'फेरम फॉस'च्या दोन पुड्या बांधून दिल्या. रक्त आलं की एक.

पुढच्या पंधरा दिवसांत चांदपाशाचा घोळणा तीनदा फुटला, तिन्ही वेळा विहिरीवरच. गोळी जिभेवर ठेवली, रक्त थांबलं. गाव बघतच होतं. माणिकप्पा किराणावाला तर गिऱ्हाइकांना सांगू लागला, "डॉक्टर कशाला? आपल्या गुरुजींची गोळी म्हंजी नळाची तोटी हाय. फिरवली की बंद."

गुरुजींना सवय होती वहीत लिहून ठेवायची. पहिल्या वेळी रक्त थांबायला अकरा मिनिटं लागली. दुसऱ्या वेळी नऊ. तिसऱ्या वेळी दहा. त्याच दिवशी संध्याकाळी बाटल्या पुसताना त्यांच्या लक्षात आलं, की चांदपाशाला सकाळी दिलेली पुडी कोऱ्या गोळ्यांच्या बाटलीतून बांधली गेली होती. औषधाचा थेंब न पडलेली, नुसती साखर. आणि तरी दहा मिनिटं.

मग औषधानं थांबलं ते कोणतं, आणि आपलं आपण थांबलं ते कोणतं? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. बरं, कुणाला विचारावं? गावात उपकेंद्र होतं, तिथली नर्स पंचशीला ही धुरपताबाईची मुलगी, गुरुजींचीच विद्यार्थिनी. चौथीत पाढे म्हणताना सतराला अडायची. आता नोकरी घेऊन आपल्याच गावात आली होती आणि पांढऱ्या साडीत घरोघर फिरायची. तिच्याकडं जाऊन म्हणायचं काय? की पोरी, मला काही कळत नाही, आणि तरी मी पंधरा दिवस औषध देतोय? गुरुजी दोनदा उपकेंद्राच्या दारापर्यंत गेले. एकदा आत बाया होत्या म्हणून परतले. दुसऱ्यांदा आत कुणीच नव्हतं, म्हणून परतले.

तपासणीला अकरा दिवस उरले होते.

त्या दिवशी ऊन सकाळपासूनच अंगावर येत होतं. टँकर दहाला आला. नळी विहिरीत सोडून चांदपाशा खाली उतरला, कपाळाला हात लावला, आणि रक्ताची धार लागली. ही नेहमीसारखी नव्हती. सदरा पुढून भिजला. कुणीतरी गुरुजींना बोलवायला ओरडत गेलं.

गुरुजी पुडी घेऊन धावत आले तोवर गावानं गावाचा उपाय सुरू केला होता. घोळणा फुटला की माणसाला उताणं करायचं, मान मागं टाकायची आणि टाळूवर गार पाणी ओतायचं. आजा-पणज्यापासून हेच चालत आलेलं. पण त्या साली पाणी ओतणं म्हणजे काय, हे ज्यानं घागरीसाठी पहाटेपासून नंबर लावला त्यालाच ठाऊक. तरी कुणी मागंपुढं बघितलं नाही. ज्यानं पाणी आणलं त्याच्यासाठी पाणी. एकीनं कळशी ओतली. दुसरीनं तांब्या ओतला. माणिकप्पानं फोडलेला कांदा नाकाशी धरला. चांदपाशा ओल्या मातीत उताणा, डोळे मिटलेले, आणि त्याच्या घशाची गाठ सारखी खालीवर होत होती.

तो गिळत होता. ती गाठ गुरुजींनी बघितली.

एवढ्यात चांदपाशा कुशीवर वळला आणि ओकला. काळपट रक्ताची गुळणीच पडली. बाया ओरडल्या. "पोटातून आलं! आतून फुटला गं!"

"गुरुजी, गोळी टाका लवकर!" माणिकप्पा म्हणाला.

पुडी गुरुजींच्या मुठीत होती. मूठ उघडली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. त्यांना शाळेतलं जुनं प्रथमोपचाराचं पुस्तक आठवलं, दर साली पंधरा मिनिटांत उरकलेला धडा. मान पुढे. नाकाचा मऊ भाग दाबावा. रक्त गिळू देऊ नये. त्या पुस्तकातलंही आपल्याला नीट कळलंय का, अशी शंका होतीच. पण ती गाठ खालीवर होत होती.

धुरपताबाई भरलेली घागर कमरेवर घेऊन पुढं आली. तिच्या घरची दिवसभराची तेवढी एकच. ती वाकणार, तोच गुरुजींनी तिचा हात धरला.

"नको. ओतू नका."

धुरपताबाई थांबली. आधी तिला कळेना. मग तिचा चेहरा बदलला.

"सगळ्यांचं चाललं," ती हळू बोलली, "माझ्याच घागरीचं पानी चालत न्हाई व्हय, गुरुजी?"

गुरुजींच्या लहानपणी याच विहिरीच्या पायरीवर धुरपताबाईच्या सासूला लांब उभं राहून कुणीतरी पाणी वाढायची वाट बघावी लागे. ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तेव्हाही काही बोलले नव्हते. आता त्यांचे कान तापले.

"धुरपताबाई, तुमचंच पाणी लागणार आहे. त्याला चूळ भरू द्या, तोंडात रक्त साठलंय. पण डोक्यावर कुणाचंच नको. माझ्या घरचं असतं तरी नको." आणि मग, स्वतःलाच ओळखू न येणाऱ्या आवाजात ते ओरडले, "उठवा त्याला! बसता करा! मान पुढं!"

वर्गातला तो आवाज ऐकून माणिकप्पाच्या हातातला कांदा खाली पडला. तोही गुरुजींच्याच हाताखाली शिकला होता.

दोघांनी चांदपाशाला उठवून टँकरच्या चाकाला टेकून बसवलं. धुरपताबाईनं ओंजळीत पाणी दिलं, त्यानं चूळ भरून थुंकलं. गुरुजी समोर गुडघ्यांवर बसले. पुडी खिशात टाकली आणि अंगठा व बोटानं त्याचं नाक हाडाच्या खाली, मऊ भागावर, घट्ट चिमटीत धरलं. दुसऱ्या हाताचं मनगट वळवून घड्याळ बघितलं.

"तोंडानं श्वास घे. घशात आलेलं गिळू नको, थुंक. बोलू नको."

"गुरुजी..."

"बोलू नको म्हटलं ना."

पाच मिनिटं झाली. एक म्हातारा मागून म्हणाला, "साळंत कान धरायचे, आता नाक धरलंय." एक-दोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. आठ मिनिटं. माणिकप्पाला राहवेना. "जरा सोडून बघा की, थांबलं आसंल."

"सोडलं की पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. गप्प."

गुरुजींची बोटं थरथरायला लागली होती. नाक सुटेल अशी भीती वाटून त्यांनी दुसरा हात खाली लावला, तर घड्याळ दिसेना. धुरपताबाईनं त्यांचं मनगट आपल्याकडं वळवलं. तिला घड्याळ कळत नव्हतं. काटा कुठं आहे ते ती माणिकप्पाला बोटानं दाखवायची आणि तो मिनिटं सांगायचा. पंधरा झाली. गुरुजींनी हळूच चिमटी सोडली.

एक थेंब ओठावर आला. दुसरा आला नाही.

तोवर पंचशीला खेडेफेरीवरून आली होती. गर्दी बघून पिशवी घेऊन थेट पुढं झाली. चांदपाशाचं ओठावरचं रक्त पुसलं, नाडी बघितली, मग पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. फुगा दाबला. पारा चढला. तिनं एकदा बघितलं, दुसऱ्या दंडाला बघितलं, सावलीत अर्धा तास बसवून पुन्हा बघितलं.

"वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे वीस," ती म्हणाली. "पाशाभाई, कधीपासून आहे?"

"मला काय म्हाईत? कोन बघितलंय?"

"नखानं नाकातली खपली काढता?"

"हाव. धुरळ्यानं आत नुसतं वाळून जातंय."

"आणि तपकीर ओढता."

"झोप येऊ नये म्हनून. दोन खेपा, चार तास गाडी हाय माय."

पंचशीला मातीतच उकिडवी बसली. "बघा, ऊन आहे, धुरळा आहे, नाक कोरडं पडतं, वर तपकीर. त्यानं फुटतं. पण दाब असा चढलेला असला, की फुटलेलं लवकर मिटत नाही. आज नाकातून आलं, म्हणून निदान दिसलं. तपकीर बंद. सकाळ-रात्र नाकात आत बोटानं थोडं व्हॅसलीन लावायचं, नख लावायचं नाही. गाडीत तोंडाला ओला रुमाल. आणि स्वतः पाणी प्या. दिवसभर टँकर ओढता आणि तहानलेले राहता. दाबाचं औषध मी नाही देऊ शकत. चिठ्ठी लिहून देते, उद्या चाकूरला डॉक्टरांना दाखवायचं."

चिठ्ठी म्हटल्याबरोबर चांदपाशा सरळ झाला. "लिहू नको, पंचशीला. तुझ्या पाया पडतो. अकरा दिवस ऱ्हायले. तवर गुरुजींच्या गोळीवर काढतो, मग काय पायजे ते लिही. तीनदा थांबलंय त्येच्यानं, साऱ्या गावानं बघितलंय."

पंचशीलानं गुरुजींकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती नुसती थांबली होती, गुरुजींनी उत्तर सांगावं म्हणून.

"तिसऱ्या वेळी," गुरुजी म्हणाले. "तिसऱ्या वेळी पुडीत औषध नव्हतं. चुकून नुसती साखर बांधली होती. तरी तेवढ्याच वेळात थांबलं. पहिल्या दोन वेळीही माझ्या गोळीनं थांबलं का, मला सांगता येत नाही. मी चाळीस प्रश्न विचारले, पण हा पट्टा दंडाला लावल्याशिवाय कळलं नसतं ते मी कुठून विचारणार? पहिल्याच दिवशी मी याला पाठवायला पाहिजे होतं. दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो होतो."

"आत का नाही आलात?"

गुरुजींनी तिची पिशवी तिच्यापुढं सरकवली. म्हणाले, "लिही चिठ्ठी."

चांदपाशानं त्यांच्याकडं बघितलं, रक्तानं वाळलेल्या मिशीतून. "तुमी बी, गुरुजी? तुमच्याकडं आलतो ते ह्येच्यासाठीच का?" माणिकप्पानं त्याला दुकानाच्या गाडीतून घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी गावात टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला, तोही एकच खेप घेऊन. बाया रिकाम्या घागरी घेऊन गुरुजींच्या ओट्यासमोरून जाताना मुद्दाम हळू चालायच्या. एक जण म्हणालाच, "चिठ्ठी पिऊन तहान भागंल का बघा." गुरुजींनी पेटी आत ठेवली आणि ओट्यावर बसणं बंद केलं. रात्रंदिवस मनात एकच घोळत होतं: बरोबर केलं, की बरोबर करायला उशीर केला? त्यांना वाटे, दोन्ही एकदमच खरं असणार.

चांदपाशा चाकूरला डॉक्टरकडं गेला, गोळ्या घेऊ लागला, हे पंचशीलाकडून कळलं. पंचशीलानं चारदा त्याचा दाब बघितला आणि आकडे चिठ्ठीच्या मागं लिहून ठेवले.

एकवीस तारखेला गुरुजी कुणी न बोलावता चाकूरच्या स्टँडवर जाऊन लातूरच्या गाडीत बसले. चांदपाशा पुढं होता. त्यानं बघितलं आणि तोंड खिडकीकडं केलं. लातूरला दवाखान्याच्या व्हरांड्यात तेहतीस ड्रायव्हर बाकड्यांवर आणि जमिनीवर. नाव पुकारलं तेव्हा चांदपाशा उठला, दोन पावलं गेला, आणि चिठ्ठी वरच्या खिशातून काढून आतल्या खिशात सारली. गुरुजींनी ते बघितलं. इथं ओरडून चालणार नव्हतं, आणि तो आवाज पुन्हा आलाही नसता. ते नुसते त्याच्या मागून आत गेले.

"तुम्ही कोण?" डॉक्टरांनी विचारलं. तरुण होते, दमलेले.

"मी... याला गोळ्या देत होतो. होमिओपॅथीच्या. नाकातून रक्त यायचं." गुरुजींना पुढचं वाक्य सुचेना. ते चांदपाशाकडं बघत राहिले.

चांदपाशा उभाच होता. दंडाला पट्टा लावला होता, फुगा अजून दाबला नव्हता. मग त्यानं मोकळ्या हातानं आतल्या खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "हे बी बघा, साहेब."

डॉक्टरांनी दाब मोजला. एकशे पन्नास, शहाण्णव. चिठ्ठी पुढून वाचली, मागून वाचली, आकड्यांवरून बोट फिरवलं. "नुसता आजचा आकडा असता तर सरळ अपात्र लिहिलं असतं," ते म्हणाले. "पण अकरा दिवसांत उतरत आलाय, औषध चालू आहे, कुणीतरी नियमानं मोजतंय. तात्पुरतं अपात्र लिहितो. सहा आठवड्यांनी पुन्हा या. गोळी एक दिवस चुकवायची नाही, बरं वाटलं तरी. मीठ कमी." मग गुरुजींकडं बघून म्हणाले, "गोड गोळ्यांवर थांबला असता तर मधेच एखाद्या उतारावर गाडीसकट गेला असता. आणलंत ते बरं केलं."

"मी नाही आणलं," गुरुजी म्हणाले. "तोच आला."

जूनअखेर चांदपाशाला कायम केलं, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. हातात 'अपात्र' लिहिलेला कागद होता, त्यातला 'तात्पुरतं' हा शब्द चांदपाशा स्टँडवर पुन्हा पुन्हा वाचत होता. परतीच्या गाडीत तो गुरुजींच्या शेजारी येऊन बसला. नळेगावचा फाटा मागं पडला.

"पंचशीला सोमवारी किती वाजता बघती दाब?" त्यानं विचारलं.

"नऊला."

"तुमी बी या संगं. एकला गेलो की बाया टकमक बघत्यात. लाजल्यागत व्हतं." आणि थोड्या वेळानं, खिडकीकडं बघतच, "तुमचा बी दाब बघून घेऊ. त्या दिवशी माझं नाक धरून तुमीच जास्त कापून राहिले व्हते."

गुरुजी 'नको' म्हणणार होते. "येतो," ते म्हणाले.